मिनिटाला एक अक्षर

पारगावकरबाईंनी आमच्याकडे पाठ केली, तोंडातली कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि वळून ती पुडी रणदिवेकाकांच्या टेबलावर ठेवली.

"सगळा दोष हिचाच ना? मग राहू दे ही तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. दातांवाचून शब्द फुसफुसत बाहेर पडले, तसा त्यांनी चटकन पदर तोंडाला लावला.

अडतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाई होत्या त्या. स्वतःच्या नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत आणि समोरच्याच्या जिभेवर चुकीचा उच्चार तर मुळीच नाही. आमच्या कोल्हापुरात मला सगळे दिगू म्हणत, आईसुद्धा. एकट्या बाई दिग्विजय म्हणायच्या, तेही असं की नावातलं प्रत्येक अक्षर इस्त्री करून ठेवल्यासारखं वाटायचं. आणि आज त्याच बाई पदराआडून बोलत होत्या. काका पुडीकडे बघायचं टाळत होते, मी फरशीकडे बघत होतो. रुक्साना मुजावर कोपऱ्यात चटईवर खुर्ची विणत बसली होती. ती जन्मापासून आंधळी, तिला पुडी दिसायचा प्रश्नच नव्हता. पण आवाजावरून तिनं ओळखलं असणार, कारण वेत ओढणारे तिचे हात थांबले होते.

"बाई, दोष कुणी देत नाही हो," काका म्हणाले. "वय कुणाला चुकलंय?"

हे बोलायला नको होतं, हे त्यांनाही बोलून झाल्यावर कळलं. बाईंनी पुडी उचलली, पुन्हा पाठ केली, कवळी बसवली आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत वाचीन आणि मग थांबेन. तोवर दुसरं कुणी बघून ठेवा. एवढं बोलून त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत गेल्या. दारावरचा लाल दिवा लागला. दिवा लागला की बाहेर कुणी खोकायचंसुद्धा नाही, असा नियम होता, त्यामुळे आम्हाला आपसांत काही बोलताही आलं नाही.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. आमचं ध्वनी-ग्रंथालय अंधशाळेच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. पुस्तकं मोठ्यानं वाचायची, त्याच्या कॅसेट करायच्या आणि जिल्हाभरच्या अंध विद्यार्थ्यांना पोस्टानं पाठवायच्या, हे काम. काका संस्थेचे सचिव. बाई निवृत्त झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, रोज सकाळी दोन तास वाचायच्या. कागल ते चंदगड कुठल्याही अंध मुलाला विचारा, त्याला तो आवाज ठाऊक होता. मुलं त्यांना वाचनबाई म्हणायची. बाईंना दुसरं कसलं वेड नव्हतं. घरी त्या एकट्या होत्या, पण एकटेपणाचं रडगाणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सकाळी खोलीत शिरताना त्यांचा चेहरा असा असायचा, की आता मुलं समोर बसली आहेत.

त्या वर्षी संस्थेला कॉम्प्युटर मिळाला आणि त्याच्याबरोबर मी. पॉलिटेक्निक करून बाहेर पडलेला, चोवीस वर्षांचा, सी भाषा येते म्हणून जमिनीपासून चार बोटं वरून चालणारा. तयार मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये इतकी बटणं होती, की बाई घाबरल्या. मग मीच एक लिहिला. एक कळ दाबली की रेकॉर्डिंग सुरू, दुसरी दाबली की बंद. मुलांच्या कॅसेट मग त्यावरून निघायच्या. बाईंनी फक्त एक गोष्ट मागितली. टिकटिक माइकमध्ये येते म्हणून त्या खोलीत घड्याळ नव्हतं. किती मिनिटं झाली तेवढं पडद्यावर दिसलं तर बरं, असं त्या म्हणाल्या. मी आनंदानं ते करून दिलं. दर मिनिटाला आकडा एकानं वाढायचा. वाचकांत बाई सर्वांत ज्येष्ठ, म्हणून कॉम्प्युटर पहिल्यांदा त्यांना दिला. बाकीचे दोघं जुन्या कॅसेटवरच वाचत होते.

नेमकी त्याच आठवड्यात बाईंना नवी कवळी बसली.

आणि त्याच आठवड्यापासून रुक्साना सांगायला लागली, की बाई अक्षरं खातात. तिचं काम तपासणीचं होतं. प्रत्येक रेकॉर्डिंग ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि चुका सांगायची. बाईंच्या वाचनात पूर्वी महिन्याला एखादी चूक निघाली तर रुक्साना दोनदा ऐकून खात्री करून घ्यायची. आता अर्ध्या तासात वीस-पंचवीस. शब्दाच्या मधलंच एखादं अक्षर गायब, जीभ घसरल्यासारखं. मी ऐकलं, काकांनी ऐकलं, शेवटी बाईंनी स्वतः ऐकलं. खापर अर्थातच कवळीवर फुटलं. बाईंनी ती दोनदा दंतवैद्याकडून घासून आणली. पहाटे उठून घरी मोठ्यानं उच्चारांचा सराव सुरू केला. शेजारच्या बिऱ्हाडानं तक्रार केल्याचंही कानावर आलं. पण अक्षरं गळायची ती गळतच राहिली. बी.ए.च्या मुलांचं इतिहासाचं पुस्तक चाललं होतं, परीक्षा मार्चमध्ये होती, काका तरी काय करणार.

कवळी टेबलावर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो, तर रुक्साना माझी वाट बघत होती.

"चौगुलेसर, हिकडं या. हात द्या."

मी चटईवर बसलो. रुक्साना अंधशाळेच्या कारखान्यात खुर्च्या विणायला शिकली होती आणि हेडफोन लावून ऐकताना तिचे हात कायम वेत विणत असायचे. हात रिकामे राहिले की कान झोपतात, असं तिचं म्हणणं. चूक ऐकू आली, की त्या वेळी ज्या भोकातून वेत ओढत असेल तिथं ती दोऱ्याची एक गाठ मारून ठेवायची. शेवटी गाठी मोजायच्या, चुका सांगायच्या, दोरे काढून टाकायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की तिकडे कुणी बघतही नव्हतं.

तिनं माझं बोट धरून खुर्चीच्या चौकटीच्या कडेवरून फिरवलं. तीन भोकं मोकळी, चौथ्यावर गाठ. पुन्हा तीन मोकळी, चौथ्यावर गाठ. एके ठिकाणी गाठ नव्हती, पण तिच्या पुढची बरोबर आपल्या जागी होती.

"काल बाईंचं ऐकून मला झोप न्हाई आली," ती म्हणाली. "म्हणून सकाळी दोरे काढायच्या आधी हात फिरवून बघितला. माणूस चुकतंय तर कुठंबी चुकतंय, सर. एकदा चुकंल, मग धा ओळी नीट वाचंल, मग एका ओळीत तीनदा चुकंल. हे असं रांगेत कोण चुकतंय?"

"चार भोकं विणायला तुला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"मिनिटभर लागत आसंल."

दर मिनिटाला त्या खोलीत एकच गोष्ट घडत होती, आणि ती मी घडवत होतो.

झालं होतं ते असं. माझा प्रोग्राम साउंड कार्डाकडून आवाज मापामापानं घ्यायचा, एका वेळी साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा. नळाखाली कळशी लावावी तसं. आणि आकडा बदलण्यासाठी मी टायमर लावला होता, त्याचा दर मिनिटाला सिग्नल यायचा. सिग्नल म्हणजे दारावरची थाप. थाप पडली की सिस्टीम कळशी होती तेवढीच भरलेली परत हातात द्यायची आणि म्हणायची, आधी दार बघ. यात सिस्टीमचं काही चुकत नव्हतं. मागितलं त्यापेक्षा कमी मिळू शकतं, कधी काहीच मिळणार नाही, अशा वेळी उरलेलं पुन्हा मागून घ्यावं, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी मात्र अट घातली होती, की कळशी पूर्ण भरलेली नसेल तर ती खराब समजायची. दर मिनिटाला मी अर्धी कळशी मोरीत ओतत होतो आणि त्या अर्ध्या कळशीत बाईंचं एक अक्षर असायचं. गाठ नव्हती त्या ठिकाणी बाई बहुधा श्वास घेत होत्या.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. प्रोग्राम पहिल्यांदा दाखवला त्या दिवशी पडद्यावर ओळ आली होती, की आवाज अपुरा मिळाला. काका दचकले, बाईंनी कळेवरून हात काढून घेतला. सगळ्यांसमोर माझी शोभा झाली. त्या संध्याकाळी मी काय केलं? आवाज अपुरा का मिळतो ते शोधलं नाही. ती ओळ तेवढी काढून टाकली. प्रोग्राम मला बिचारा दर मिनिटाला सांगत होता आणि मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. तेव्हापासून मी मूग गिळून बसलो होतो असंही म्हणता येत नाही, कारण मी ते चक्क विसरून गेलो होतो.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. मिळालं तेवढं जपून ठेव, उरलेलं पुन्हा माग, पूर्ण होईपर्यंत मागत राहा. पाच ओळी. मग मी स्वतः आत बसून वीस मिनिटं वर्तमानपत्र वाचलं आणि ते रुक्सानाला ऐकवलं. तिनं एकही गाठ मारली नाही.

"तुमचे उच्चार लई वाईट हायत," ती म्हणाली, "पण अक्षर एकबी गेलं न्हाई."

मी तिला म्हटलं, हे आपल्यातच राहू दे. बाईंचं वाचन आता सुधारेलच, मग कशाला उगाच गाजावाजा. तिनं हातातला वेत ओढून घट्ट केला.

"माझं काम दोरा लावायचं," ती म्हणाली. "सांगायचं काम तुमचं."

मी ते सोयीनं संमती म्हणून घेतलं. काकांना सांगितलं, मशिनची जरा साफसफाई केली आहे, बाईंना घाईनं निरोप देऊ नका. दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही चूक नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. काकांचा जीव भांड्यात पडला. बाईंना वाटलं, मधे तिसऱ्यांदा घासून आणलेली कवळी शेवटी बसली. त्यांनी दंतवैद्याला पेढे नेऊन दिले आणि उरलेले आम्हाला वाटले. मीही एक घेतला. तो पेढा घशाखाली उतरताना कसा लागला ते मला अजून आठवतं, आणि तरीही मी दुसरा घेतला.

आठवडा गेला. मी स्वतःवर खूश होतो. बाई वाचत होत्या, मुलांचं पुस्तक पुढे सरकत होतं, थांबण्याची भाषा कुणी काढत नव्हतं. मग एका सकाळी रुक्साना हातात एक जाड कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. गडहिंग्लजहून एका विद्यार्थिनीनं ब्रेलमध्ये पत्र पाठवलं होतं. रुक्सानानं बोट फिरवत वाचलं. आधी कॅसेट मिळाल्याची पोच होती. पुढे लिहिलं होतं, नव्या कॅसेटमध्ये वाचनबाईंचा आवाज वेगळा वाटतो. त्या आजारी आहेत का. आजारी असतील तर आमच्यासाठी त्रास घेऊ नका असं त्यांना सांगा.

"पण आता तर एकही चूक नाही," मी म्हटलं.

"चूक न्हाईच. पर बाई वाचत न्हाईत आता. अक्षरं मोजत्यात." तिनं कागदाची घडी घातली. "तुम्हाला ऐकू येत न्हाई का?"

मी हेडफोन लावला. आधीचं एक जुनं रेकॉर्डिंग काढलं, कॅसेटवरचं, दोन वर्षांपूर्वीचं. मग कालचं. जुन्यात बाई पाण्यासारख्या वाहत होत्या. लढाई आली की त्यांचा आवाज चढायचा, तहाची कलमं आली की जरा कंटाळल्यासारख्या वाचायच्या, आणि मुलांना तो कंटाळाही आवडायचा. कालच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या ओल्या फरशीवरून चालत होत्या. प्रत्येक अक्षर चाचपून, पाय टेकतो का बघून, मग पुढचं. महिनाभर सगळ्यांनी मिळून त्यांना पटवलं होतं, की तुमची जीभ तुमच्या ताब्यात राहिली नाही. प्रोग्राम मी दुरुस्त केला होता. बाईंना तसंच ठेवलं होतं.

त्या आल्या तेव्हा मी खोलीच्या दारातच उभा होतो. आत चला म्हणालो, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कळशी, थाप, मोरी, पडद्यावरची काढून टाकलेली ओळ. मला वाटत होतं, पाचव्या वाक्याला त्या मला थांबवतील. त्यांनी थांबवलं नाही. वर्गात एखाद्याला उत्तर पूर्ण करू द्यावं तशा शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"म्हणजे माझी जीभ ठीक होती," त्या म्हणाल्या.

"होय, बाई."

"आणि कवळी?"

"तीही."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "असं किती दिवस चाललं होतं?"

"सव्वीस दिवस."

"आणि हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "नऊ दिवस झाले."

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या खोलीच्या भिंतींना आम्ही गाद्या लावल्या होत्या, त्यामुळे तिथली शांतता बाहेरच्या शांततेपेक्षा जास्त जड असायची.

"सव्वीस दिवसांचं मला काही वाटत नाही, दिग्विजय. तुला ठाऊक नव्हतं. शिकताना माणूस असंच शिकतो." त्यांनी चष्मा घातला. "हे नऊ दिवस मात्र तुझे आहेत. रोज सकाळी घराबाहेर पडताना मला वाटायचं, आज चुकले तर तुम्ही मला उद्या बोलावणार नाही. नऊ सकाळी तू मला तसं यायला लावलंस."

मला रडू फुटलं. लाज वाटली असं लिहिलं तर ते पुरेसं होणार नाही. मी खरोखर त्या गाद्यांच्या खोलीत उभा राहून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. बाईंनी समजूत घातली नाही. पेन्सिल उचलून त्यांनी पुस्तकात एक खूण केली.

"सव्वीस दिवसांत इथपासून वाचलंय मी," त्या म्हणाल्या. "ते सगळं पुन्हा वाचायचं. अर्धी अक्षरं मुलांना द्यायची नाहीत. आणि नंतरचं ते नऊ दिवसांचंही पुन्हा. ते फार वाईट वाचलंय."

"पण परीक्षेच्या आत..."

"तू मिनिटं मोज. वाचायचं मी बघते. जा, दार लाव."

मी बाहेर आलो. काकांना कानात कुजबुजत सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला, मग दंतवैद्याच्या पेढ्यांचं आठवून त्यांना हसू आवरेना, आणि लाल दिवा लागलेला असल्यामुळे ते बिचारे तोंडात रुमाल कोंबून हसले. रेकॉर्डिंग चालू असताना ऐकण्यासाठी माझ्या टेबलावर हेडफोन आणि आकड्याचा दुसरा पडदा होता; हेडफोनचा एक कान मी रुक्सानाकडे दिला, एक मी घेतला.

पहिलं पान बाईंनी चाचपतच वाचलं. सवय लागली होती, ती एका कबुलीनं सुटणार नव्हती. दुसऱ्या पानावर एका सरदारानं ऐन वेळी बाजू बदलली आणि बाईंना त्याचा राग आला. आम्हाला दोघांना तो एकदमच ऐकू आला. आवाज चढला, वाक्यं धावायला लागली, मधले स्वल्पविराम त्यांनी सरळ उडवून लावले. रुक्सानाचे हात वेगानं चालायला लागले. किल्ला पडला, फौज नदीपाशी आली, पूर ओसरायची वाट बघत थांबली, आणि तिथं घाईघाईत बाईंनी एका ओळीवरून थेट तिसरीच ओळ धरली. वाक्याचा पार चुथडा झाला.

रुक्सानानं दोरा उचलला.

हेडफोनमध्ये शांतता पसरली. मी पडद्याकडे बघितलं; मिनिटाचा आकडा बदलायला अजून अवकाश होता. मग आतून एक बारीक हसू आलं, अकरा वर्षांच्या कॅसेटमध्ये कधीच न आलेलं, आणि पाठोपाठ इस्त्री केलेला आवाज.

"ही माझी हं, दिग्विजय."

आणि बाई ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.